खांब ठोकायचा की खड्डा पाडायचा?

तारेच्या कुंपणाचा धंदा सुरू करणारा माणूस आधी यंत्राची किंमत विचारतो. बीदर-कलबुर्गीकडे आधी माती विचारावी.

खांब ठोकणारं यंत्र म्हणजे एक जड हातोडा. तो वरून आदळतो आणि खांब खड्ड्याशिवाय जमिनीत शिरतो. परदेशात लाकडी नि लोखंडी खांबांसाठी ते सोयीचं आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक खांब सिमेंटचे, नाहीतर दगडी. त्यांच्या डोक्यावर घाव बसला की टवका उडालाच! लोखंडी अँगल किंवा पाइप लावणार असाल, तरच हे यंत्र बघा. बाकीच्यांनी ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा ऑगर, म्हणजे खड्डे पाडणारा गिरमिट, घ्यावा.

औराद-भालकीच्या काळ्या रानात गिरमिट लोण्यात सुरी जावी तसा उतरतो. पण पावसात ओली माती पात्याला चिकटून बसते. शिवाय ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ रोवलेला खांब हळूहळू कलतो. तिथे खोली वाढवावी, कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेकू द्यावाच.

बीदर शहराभोवतीचा जांभा गिरमिटाचे दात झिजवतो, म्हणून बदलता येणारे दात असलेलंच पातं घ्या. चित्तापूर-शहाबादकडे काही ठिकाणी थोड्याच खोलीवर फरशीचा दगड लागतो. तिथे ठोकणारं यंत्रही हरतं नि गिरमिटही. ब्रेकर भाड्याने आणावा लागतो. दर ठरवण्याआधी शेतात दोन-तीन ठिकाणी पहार मारून बघायला पैसे पडत नाहीत.