बोअरचं पाणी, टँकमधली झाडं आणि गुदमरणारे मासे

झाडांच्या टँकमध्ये सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: सामू 6.6 वर आणा. नांदेड-लातुरात बोअरच्या पाण्यावर टँक भरणाऱ्याने तो तंतोतंत पाळला, तर मासे मरतील.

सल्ला खोटा नाही, पण तो मऊ पाण्याचा आहे. कार्बोनेट कठीणता 4 अंश असेल, तर सामू 6.6 म्हणजे लिटरमागे साधारण 30 मिलिग्रॅम वायू. झाडांना तो भरपूर होतो, माशांना जेमतेम सोसतो. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या पाण्यात मात्र बायकार्बोनेट बरंच असतं आणि ते सामू वर धरून ठेवतं. कठीणता 12 अंश असली, तर 30 मिलिग्रॅमची खूण 7.1 लाच येते. हट्टाने 6.6 गाठेपर्यंत वायू 90 वर गेलेला असतो.

माशाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांतून बाहेर पडतो, कारण पाण्यात तो कमी असतो. पाण्यातच तो दाटला की रक्त आम्लधर्मी होतं, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन नीट धरता येत नाही. मग पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो. अशा वेळी वायू बंद करून एअर पंप लावावा आणि थोडं पाणी बदलावं.

यावर सोपं साधन म्हणजे ड्रॉप चेकर. त्यातलं 4 अंशांचं द्रावण टँकच्या पाण्यात मिसळत नाही. मधल्या हवेतून फक्त वायू पोचतो. त्यामुळे बोअरच्या क्षारांनी तो फसत नाही. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका. रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, म्हणून बुडबुडे हळूहळूच वाढवावेत.

उन्हाळ्यात हात आणखी आखडता हवा. 25 अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशांना 7.3. त्यात लाइट गेली की फिल्टर थांबतो. सिलिंडरला सोलेनॉइड झडप असेल तर वायूही थांबतो. साखर-यीस्टची घरगुती बाटली मात्र वायू सोडतच राहते, उकाड्यात तर जोराने. रात्री झाडंही कार्बन डायऑक्साइडच सोडतात, म्हणून दिवे मालवण्याच्या तासभर आधी पुरवठा बंद व्हायला हवा. मेच्या उकाड्यात ती बाटली नकोच.

आणि खरं तर सिलिंडर हवाच असंही नाही. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात. घरी बोअरचंच पाणी असेल, तर आधी हीच लावून पाहा.