परकार, पट्टी आणि आठ टोकांचा तारा

लादीकाम करणारे आपले बरेच कारागीर बांधव हात आणि नजर यांच्या भरवशावर काम उरकतात. साध्या चौकोनी लादीला ते पुरते. पण गिऱ्हाईक तारे आणि चौफुल्यांची नक्षी मागू लागले की नजर दगा देते. अशी नक्षी टेपने मोजून नव्हे, परकाराने (शाळेत ज्याला कंपास म्हणतात) काढायची असते. हा फरक खिशापर्यंत कसा पोहोचतो, ते आम्ही आमच्याच नुकसानीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका दिवाणखान्याचे काम घेतले. भिंत ५ मीटर ५८ सेंटिमीटर. प्रत्येक तारा टेपने वेगळा आखला. दर ताऱ्यामागे दीड मिलीमीटरची चूक, ती कोणाला दिसणार? अठराव्या ताऱ्यापाशी ती २७ मिलीमीटर झाली आणि टोके भिंतीत शिरली. तीन रांगा पदरच्या खर्चाने उखडल्या.

तारा आणि चौफुलीची ही जोडी फार जुनी आहे. इराणात तेहरानजवळच्या वरामीन येथील इमामजादा याह्या या मजारीच्या भिंतींवर १२६२ च्या सुमारास बसवलेल्या चकाकीच्या लाद्या याच आकाराच्या होत्या. आज त्या देशोदेशींच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत.

आता कृती. आधी भिंतीची लांबी घ्या आणि तिचे सारखे भाग पाडा. आमच्या त्या भिंतीचे १८ भाग केले असते तर ३१ सेंटिमीटरचे घर बिनचूक बसले असते. दुसऱ्या भिंतीत पुरा भाग बसत नसेल तर उरलेली जागा दोन्ही बाजूंना सारखी वाटून किनारीत घालवा.

जाड कागदावर एक आडवी रेघ आणि गुणियाने तिच्यावर एक उभी रेघ मारा. परकाराचे तोंड घराच्या निम्मे, म्हणजे साडेपंधरा सेंटिमीटर, उघडून स्क्रू घट्ट करा. यापुढे त्याला हात लावायचा नाही. रेघा मिळतात तेथे टोक ठेवून वर्तुळ काढा. ते रेघांना चार जागी छेदेल. त्या चारही बिंदूंवरून त्याच मापाचे कंस मारा. वर्तुळाबाहेर ते जेथे एकमेकांना मिळतात, ते घराचे चार कोपरे. कोपऱ्यांमधून तिरक्या रेघा ओढल्या की वर्तुळावर आणखी चार बिंदू मिळतात. पहिले चार बिंदू जोडून एक चौकोन, नंतरचे चार जोडून दुसरा. दोन्ही मिळून तारा तयार. अशी चार घरे शेजारी-शेजारी काढली की मधली चौफुली आपोआप उमटते, ती वेगळी काढावी लागत नाही.

तारा आणि चौफुली या दोहोंची प्रत्येक कड सारख्याच लांबीची असते. ३१ सेंटिमीटरच्या घरात ती सुमारे ६४ मिलीमीटर येते. कागदावर मोजून पाहा. कमीजास्त भरली तर आखणी चुकली असे समजा. माल मागवताना हेही ध्यानात ठेवा की शंभर चौरस फुटांत ताऱ्याचा रंग सुमारे साडेअठ्ठावन्न फूट लागतो आणि चौफुलीचा साडेएक्केचाळीस. निम्मा-निम्मा माल घेणाऱ्याला एक रंग उरतो, दुसरा कमी पडतो. तुटफूट अर्थातच वेगळी धरावी.

कापताना खरी अडचण आतल्या कोनांची. मशीनची चकती तेथे पुढे जाते आणि लादी तडकते. म्हणून तारा एक चौकोन आणि चार त्रिकोण असा पाच तुकड्यांत कापावा; चौफुलीचे चार लांबट षटकोन करावेत. मग आतला कोन एकही उरत नाही. सांधा तीन मिलीमीटर ठेवायचा असेल तर प्रत्येक तुकडा चहूबाजूंनी दीड मिलीमीटर आत घ्या. हे विसरले की सगळे गणित फसते.

तुकडे कापून जुळवण्याचा हा प्रश्न दहाव्या शतकात बगदादच्या अबुल वफा बुजजानी यांनीही हाताळला होता. कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तीन चौकोन कापून त्यांचा एक चौकोन करण्याच्या कारागिरांच्या काही रीती नजरेला बरोबर दिसतात, पण हिशेबाला टिकत नाहीत, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. आमचे दीड मिलीमीटर याच जातीचे!

मोरबीची छापील लादी आज स्वस्त मिळते, तिच्याशी दरात टक्कर देऊ नये. मात्र छापील लादी भिंतीशी आली की तारा मिळेल तेथे कापला जातो. आपण घराचे मापच भिंतीवरून घेतो. गिऱ्हाइकाला दर सांगण्यापूर्वी तो कागद त्याच्या खोलीत अंथरून दाखवा आणि आखणीची मजुरी बसवणीपासून वेगळी लिहा. काम ठरले की पत्र्याचे फर्मे कापून घ्या आणि त्यांच्यावर खोलीचे माप खिळ्याने कोरून ठेवा. कागद सिमेंटात भिजतो.