तेलदाब, जुन्या मोटरगाडीच्या एंजिनातील

एंजिनाच्या मुख्य तेलवाहिनीत वंगण तेलाला जो दाब असतो, त्यास तेलदाब म्हणतात. हा दाब पंप निर्माण करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण ती अर्धीच खरी आहे. पंप तेल फक्त पुढे ढकलतो. धारव्यांच्या म्हणजे बेअरिंगांच्या बारीक फटींतून बाहेर पडताना या तेलाला जो अडथळा होतो, त्यामुळे दाब उत्पन्न होतो. पंपाचा पुरवठा, तेलाची श्यानता (दाटपणा) आणि तेल निसटण्याच्या वाटा या तिहींवर दाब अवलंबून असल्यामुळे मापकाचा काटा खाली आला, म्हणजे यांपैकी कोठे तरी बिघाड आहे एवढेच समजते. तो नेमका कोठे, हे समजत नाही. नव्याने बांधलेल्या जुन्या एंजिनाच्या बाबतीत ही अडचण गंभीर असते. एंजिन पुन्हा उघडावे, तर सर्व श्रम व खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो आणि तसेच चालवावे, तर ज्याच्या जोडीचा दुसरा सहसा मिळत नाही असा भुजादंड (क्रँकशाफ्ट) निकामी होण्याचा धोका असतो.

निदानास आरंभ करण्यापूर्वी त्या एंजिनाचा मूळ दाब किती होता, हे पाहणे आवश्यक आहे. फोर्ड ‘टी’ (१९०८–२७) या गाडीत तेलाचा पंपच नव्हता. गतिचक्राने उडविलेले तेल नळीतून आपल्या वजनाने वाहत पुढे जाई. ऑस्टिन सेव्हन या १९२२ मध्ये आलेल्या छोट्या ब्रिटिश गाडीत तेलाच्या पिचकाऱ्या भुजादंडातील छिद्रांवर सोडलेल्या असत व तिच्या मापकावर अवघे काही पौंड दाब दिसे. तिच्या मालकाने तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. याउलट १९४५ नंतरच्या एम. जी. टीसी व टीडी गाड्यांच्या १,२५० घ. सेंमी. च्या एंजिनात प्रत्येक धारव्याला दाबाखाली तेल मिळते. त्यात गरम अवस्थेत, चालू वेगाला दर चौ. इंचास ४० ते ६० पौंड (सु. २·८ ते ४·२ किग्रॅ./चौ. सेंमी.) दाब अपेक्षित असतो. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या एंजिनांना लागू आहे.

पहिला संशय मापकावरच घ्यावा. डॅशबोर्डावरील मापक गाडीइतकाच जुना असतो आणि त्याकडे जाणारी बारीक नळी गाळाने अर्धवट बुजलेली असू शकते. खात्रीचा दुसरा मापक थेट ठोकळ्यावरील तोटीस जोडून वाचन ताडून पाहण्यास फार वेळ लागत नाही. या एवढ्या कामाअभावी सुस्थितीतील एंजिने उघडली गेल्याची उदाहरणे कारखान्यांतून नेहमी आढळतात. त्यानंतर तेलाची पातळी व प्रत पाहावी. एसएई ३० प्रतीच्या तेलाची ४०° से. ला जी श्यानता असते, ती १००° से. ला जवळजवळ एक-दशांशावर येते. त्यामुळे थंड एंजिनावर घेतलेले वाचन फारसे उपयोगी नसते. कार्ब्युरेटरमधून झिरपलेल्या पेट्रोलानेही तेल पातळ होते. तेलकांडीला येणाऱ्या वासावरून ते ओळखता येते.

दाब किती आहे यापेक्षा तो कसा बदलतो, यावरून अधिक बोध होतो. थंड असताना भरपूर असलेला दाब एंजिन तापल्यावर मंद गतीला एकदम कोसळत असेल, पण वेग वाढविताच पुष्कळसा भरून येत असेल, तर फटी मोठ्या आहेत किंवा पंप झिजला आहे असे समजावे. थंड असो वा गरम, वेग कितीही वाढविला तरी काटा एका ठरावीक खालच्या आकड्यावर अडत असेल, तर दाबमोचक झडप लवकर उघडत आहे. उच्च वेगाला दाब उलट घसरत असेल, तर पंपाला चोषणाच्या बाजूने पुरेसे तेल मिळत नाही. वळणावर काटा थरथरून खाली येणे हे पातळी कमी असल्याचे किंवा चोषण नळी हवा घेत असल्याचे लक्षण होय.

दाबमोचक झडप पुष्कळदा बाहेरूनच काढता येते. एम. जी. च्या वरील एंजिनात ती पंपाच्या अंगातच असते, तर अँबॅसडर गाडीला १९५९ पासून बसविण्यात आलेल्या १,४८९ घ. सेंमी. च्या एंजिनात ती ठोकळ्यावरील घुमटाकार नटाखाली असते. बैठकीवर अडकलेला धातूचा एखादा कण झडप किंचित उघडी ठेवण्यास पुरतो. एंजिनाच्या नव्या बांधणीनंतर असे कण तेलात असतातच. स्प्रिंग ताणून अथवा तिच्यामागे चकती घालून काटा वर आणण्याची रीत फार प्रचलित आहे, पण ती घातक आहे. ही झडप केवळ कमाल दाब ठरविते. धारव्यांच्या फटींतून तेल निसटत असेल, तर ती मुळात बंदच असते व स्प्रिंग कडक केल्याने काहीही साधत नाही. झडपेची बैठक गळत असेल, तर खरा दोष तेवढा झाकला जातो. अति-दाट तेल घालण्याबद्दलही हेच म्हणता येईल. त्याने काटा वर येतो, परंतु थंड एंजिन सुरू होताना दूरच्या धारव्यांपर्यंत तेल उशिरा पोहोचते आणि सर्वांत जास्त झीज नेमकी त्याच वेळी होते.

प्रथम चालू करताना दाब मुळीच न दिसणे हा वेगळा प्रकार आहे. एम. जी. च्या एंजिनाचा पंप ठोकळ्याच्या बाहेर, तेलाच्या पातळीच्या वर असतो. तो कोरडा असेल, तर दंतचक्रे नुसती हवा घुसळतात. म्हणून पंप आधी तेलाने भरून घ्यावा आणि ठिणगी-गुडद्या (स्पार्क प्लग) काढून काटा हलेपर्यंत एंजिन स्टार्टरने फिरवावे. पंपाच्या झाकणाचे गॅस्केट मूळच्यापेक्षा जाड घातले, तर दंतचक्रांच्या बाजूची फट वाढून नवा पंपही दुबळा ठरतो. जुन्या झाकणावर चक्रांनी कोरलेली वर्तुळे दिसत असल्यास ते घासून सपाट करावे लागते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर दोष बांधणीत शोधावा लागतो. धारव्यातून निसटणाऱ्या तेलाचे मान फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते : फट दीडपट झाली, तर गळती सु. ३·४ पट आणि दुप्पट झाली, तर आठपट होते. ५० मिमी. व्यासाच्या दंडाला साधारणतः ०·०५ मिमी. फट असावी लागते, हे पाहता घासकामात झालेली काही शतांश मिमी. ची चूकही किती महागात पडते, हे ध्यानात येईल. मुख्य धारवे व संयोगदांड्यांचे धारवे यांची फट बहुतेक कारागीर मोजतात. कॅमदंडाचे धारवे आणि रॉकरचा दंड यांकडे मात्र दुर्लक्ष होते. ठोकळा धुताना काढलेली तेलवाहिनीची एखादी आतली गुडदी परत बसविण्याचे राहून गेले, तर सर्व फटी अचूक असूनही दाब उभा राहत नाही.

अशा वेळी सर्व भाग सुटे न करता गळतीची जागा दाखविणारी एक चाचणी आहे. एंजिनाखालील तेलकुंड काढतात आणि निराळ्या टाकीत हवेच्या दाबाखाली ठेवलेले तेल नळीने मुख्य तेलवाहिनीत सोडतात. एंजिन स्थिर असते. भुजादंड हाताने सावकाश फिरवीत खालून निरीक्षण करतात. ठीक असलेल्या धारव्यातून तेल थेंबाथेंबाने पडते, सैल धारव्यातून त्याची धार लागते आणि राहिलेली गुडदी तर लगेच उघडकीस येते. ज्या धारव्यातून काहीच पडत नाही, तोही तपासावा. दंड फिरताना छिद्रे समोरासमोर येऊन तेल वाहू लागते; पूर्ण फेरा झाला तरी धारवा कोरडाच राहिला, तर त्याची वाट बंद आहे असे ठरते.

हा शेवटचा दोष मापकावर उलटा दिसतो. मुख्य धारव्याचे छिद्र असलेले वरचे अर्धकवच चुकून खाली व बिनछिद्राचे वर बसविले गेले, तर ठोकळ्यातून येणारे तेल तेथेच अडते. निसटण्याची एक वाट बंद झाल्याने काटा उलट वर जातो आणि दाब उत्तम दिसत असतानाच तो धारवा, तसेच त्यामार्फत तेल मिळणारा संयोगदांड्याचा धारवा जळून जातो. भुजादंड घासल्यावर त्याच्या तिरप्या छिद्रांत राहिलेल्या कचऱ्यामुळेही असेच घडते. त्यामुळे प्रथम चालू केल्यावर रॉकरवरील झाकण उघडून तेथपर्यंत तेल आले आहे की नाही हे पाहतात आणि अपेक्षेहून बराच जास्त दाब आढळला, तर एंजिन तत्काळ बंद करून त्याचीही कमी दाबाप्रमाणेच चौकशी करतात.