घराबरोबर मनालाही आधार हवा

आईवडिलांचे निधन, दुर्धर आजार, कारावास किंवा दुर्लक्ष अशा कारणांनी काही मुलांना स्वतःचे घर सोडावे लागते. त्यांना बालगृहाऐवजी एखाद्या कुटुंबात वाढता यावे, याकरिता बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद करण्यात आली आहे.

परंतु घर, शाळा व अन्नवस्त्र मिळाले म्हणजे मुलाचे सर्व प्रश्न सुटले, असे नव्हे. एकदा आधार तुटलेल्या मुलाला नवा आधारही तुटेल, अशी धास्ती असते. ती धास्ती ते शब्दांत सांगत नाही, वागण्यातून दाखविते. रात्री दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, अन्न लपवून ठेवणे, अकारण संतापणे किंवा कधीच हट्ट न करणे, ही तिची लक्षणे असू शकतात. यांतील शेवटचे लक्षण फसवे असते. कारण असे मूल ‘गुणी’ म्हणून वाखाणले जाते. उलट, संतापी मूल ‘हाताबाहेर गेलेले’ ठरते आणि परत पाठविले जाते. ज्या भीतीपोटी ते तसे वागत होते, तीच अशा रीतीने खरी ठरते.

म्हणूनच स्थैर्य हा मानसिक उपचाराचा पाया होय. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे आणि बाल कल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करावी, असे कायदाच सांगतो. या पाहणीत प्रकृती व शालेय प्रगतीबरोबरच झोप, भूक आणि मैत्री यांचीही विचारपूस व्हावी. मुलाशी एकांतात बोलणे व्हावे. कुटुंब बदलणे अपरिहार्य झालेच, तर समुपदेशनाच्या नोंदी गोपनीयता राखून पुढील समुपदेशकाकडे पोहोचाव्यात. अन्यथा तेच दुःख मुलाला दर वेळी परक्यापुढे नव्याने सांगावे लागते.

प्रतिपालकांनाही मार्गदर्शनाची गरज असते. आईवडिलांची आठवण काढणे ही कृतघ्नता नव्हे, हे उमगले की घरातील ताण हलका होतो. अशा वेळी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे साहाय्य घेता येते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

अठराव्या वर्षी प्रतिपालकत्व संपते. मनाची गरज त्या दिवशी संपत नाही. निरोपाची तयारी बरीच आधी सुरू झाली आणि समुपदेशकाशी व प्रतिपालकांशी नाते पुढेही टिकले, तरच तो तरुण पुन्हा एकदा निराधार होणार नाही.