‘हाडं दुखतात’ म्हणणारं पोर

पोर वरचेवर आजारी पडते, डोळे पिवळसर दिसतात, मध्येच हातपाय दुखतात म्हणून रडते. घरचे म्हणतात, शाळा बुडवायची सबब! कोणी अंगारा लावतो, कोणी काविळीचा पाला देतो. विदर्भातील आपल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत हा सिकलसेल असू शकतो. यात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त पुढे जात नाही, म्हणून कळा येतात. ते सोंग नव्हे.

हा आजार शिवल्याने होत नाही, आईबापांकडून येतो. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो. पण दोघेही वाहक असतील तर दर खेपेस मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी ध्यानात घ्यावे, निम्मा वाटा लेकाचा असतो. पत्रिका पाहणे आपण सोडले, छान झाले. सोयरिकीआधी दोघांचे रक्त मात्र तपासावे.

डॉक्टरांच्या देखरेखीत हायड्रॉक्सीयुरियाने कळा कमी होतात. पाणी भरपूर द्यावे, थंडीपासून जपावे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. आणि अशा मुलाला ताप आला तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा.