अंध बालकाला वाट सापडते खेळातून

अंध मूल चालू लागले की आई त्याचा हात सोडत नाही. ओट्यावरून पडेल, चुलीला हात लागेल, ही धास्ती असतेच. पण सतत हात धरून नेलेल्या मुलाला तेवढी एकच वाट पाठ होते. वाटेत कोणी खाट टाकली, की ते जागीच थांबते.

यावर अमेरिकेतील डॉ. लोत्फी मेराबेट आणि चिलीतील संगणकतज्ज्ञ हायमे सांचेझ यांनी एक व्हिडिओ गेम तयार केला. त्यात पडद्याकडे पाहावे लागत नाही. कानाला हेडफोन लावायचा व बटणे दाबून चालायचे. प्रत्येक पावलाचा आवाज येतो. उजवीकडे दार असेल तर उजव्या कानात टकटक होते. खोल्यांत दडवलेली रत्ने शोधून बाहेर आणायची आणि राक्षसांना चुकवायचे, असा हा खेळ. त्यातील दुमजली इमारत मात्र खरी, न्यूटन या गावातील अंधांच्या संस्थेची.

या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. लहानपणापासून अंध असलेल्यांपैकी काहींना संगणकावर ठरावीक वाटा शिकवल्या, काहींना नुसते खेळू दिले. नंतर सर्वांना खऱ्या इमारतीत नेले. वाट दोन्ही गटांना सापडली. पण बाहेर पडण्याची जवळची वाट शोधण्यात खेळणारे सरस ठरले. राक्षसाला चुकवताना ते चहूकडे फिरले होते आणि साऱ्या इमारतीचा नकाशा त्यांच्या मनात तयार झाला होता.

आपल्या जिल्ह्यातल्या पालकांनाही यातून बोध घेता येईल. त्यासाठी संगणकच हवा असे नाही. घरात एका कोपऱ्यात रेडिओ हळू लावून ठेवा आणि मुलाला तो शोधू द्या. रोज जागा बदला. अंगणात घुंगरू वाजवून लपाछपी खेळा. चूल, विहीर, जिना यांची काळजी आधी घ्या, मग हात सोडा. चुकले तर लगेच धावू नका, त्याला विचार करू द्या.

मात्र खेळ हा पांढऱ्या काठीला पर्याय नाही. काठीचा वापर प्रशिक्षित शिक्षकाकडूनच शिकवावा. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवावा. अनेक मुलांना थोडीफार दृष्टी असते, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी जरूर करून घ्यावी.

हात धरणे ही माया आहे. वेळेवर सोडणे हीदेखील मायाच.