सोनेरी ग्रामोफोन आणि सोमवारचे आकडे

४ फेब्रुवारी २०२४, रविवारची रात्र. लॉस एंजेलिसच्या क्रिप्टो डॉट कॉम अरीनात ग्रॅमी सोहळा रंगला होता. पडद्यावर आधी दिसली ती गिटारच्या तारांवर फिरणारी बोटं. मग ट्रेसी चॅपमनचा हसरा चेहरा दिसला आणि प्रेक्षागृह दणाणून गेलं. ‘फास्ट कार’ हे तिचं १९८८ सालचं गाणं. शेजारी उभ्या असलेल्या ल्यूक कोम्ब्सने २०२३मध्ये ते नव्याने गाऊन बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं होतं. चॅपमन स्वतः मात्र कित्येक वर्षं दौऱ्यांपासून दूर होती. त्या रात्री दोघांनी मिळून गाणं म्हटलं आणि काही तासांतच चॅपमनची ३६ वर्षांपूर्वीची मूळ आवृत्ती आयट्यून्सच्या विक्रीत अव्वल आली. पुढच्या यादीत ती हॉट १००मध्येही परतली.

चॅपमनला त्या रात्री एकही पुरस्कार मिळालेला नव्हता.

पुरस्कार मिळाला की खप वाढतो, असं संगीताच्या धंद्यात पूर्वापार मानलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. खप हलवण्याची मोठी ताकद असते ती लाखो लोक एकाच वेळी बघत असताना रंगमंचावर मिळणाऱ्या तीन-चार मिनिटांत. लंडनच्या ओ-टू सभागृहात फेब्रुवारी २०११मध्ये ब्रिट पुरस्कारांचा सोहळा झाला, तेव्हा अॅडेल फक्त पियानोच्या साथीवर ‘समवन लाइक यू’ गायली. नर्तक नाहीत, आतषबाजी नाही. शेवटाकडे तिचे डोळे भरून आले. ब्रिटनच्या यादीत ४७व्या क्रमांकावर असलेलं ते गाणं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. एकाच वेळी पहिल्या पाचांत दोन गाणी आणि दोन अल्बम, असा मान हयात कलाकाराला १९६४च्या बीटल्सनंतर पहिल्यांदाच मिळाला.

उलट बाजूही पाहायला हवी. द वीकेंडचं ‘ब्लाइंडिंग लाइट्स’ हे २०२०मधलं अमेरिकेतलं सर्वांत यशस्वी गाणं, पण ग्रॅमीने त्याला साधं नामांकनही दिलं नाही. गाण्याचं काहीच अडलं नाही. पुढच्याच वर्षी बिलबोर्डने ते हॉट १००च्या इतिहासातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं म्हणून जाहीर केलं. आधीच घराघरांत पोचलेल्या कलाकाराला पुरस्काराची गरज तशी कमीच.

मग पुरस्काराचा खरा फायदा कोणाला? २००८मध्ये हर्बी हॅनकॉकच्या ‘रिव्हर: द जोनी लेटर्स’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. एमी वाइनहाऊस आणि कान्ये वेस्ट यांना मागे टाकून जॅझचा अल्बम जिंकेल, असं फार थोड्यांना वाटलं होतं. हॅनकॉक त्या रात्री पियानो वाजवायला बसलाही, पण पियानोवादक लांग लांगबरोबर संगीतकार गर्शविनची रचना वाजवायला, या अल्बममधलं काही नव्हे. म्हणजे खपावर परिणाम झाला तो बहुतांशी निव्वळ किताबाचा. अल्बम बिलबोर्डच्या यादीत १५९व्या क्रमांकावरून पाचव्या क्रमांकावर आला आणि आठवड्यात सुमारे ५४ हजार प्रती विकल्या गेल्या. जॅझसाठी हा आकडा प्रचंडच.

किताब आणि रंगमंच एकत्र आले की काय होतं, ते २००३मध्ये दिसलं. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिने पहिल्याच अल्बमसाठी एका रात्रीत पाच ग्रॅमी घेतले आणि तिथे गायलीही. त्यानंतरच्या आठवड्यात ‘कम अवे विथ मी’च्या ६ लाख २१ हजार प्रती खपल्या.

आज तसा आकडा दिसणं अवघड आहे. डिसेंबर २०१४पासून बिलबोर्ड अल्बमच्या यादीत ऑनलाइन ऐकणंही मोजू लागलं. तेव्हाचा हिशेब होता, १५०० वेळा ऐकलं की एक अल्बम विकल्यासारखं. सीडी घेणाऱ्याचे पैसे एकदाच आणि पूर्ण मिळत. आता श्रोता सोमवारी सकाळी कुतूहलाने गाणं लावतो आणि बुधवारी दुसरीकडे वळतो. त्यातून हाती फारसं काही लागत नाही. प्रेक्षकही घटले. २०१२चा ग्रॅमी सोहळा अमेरिकेत जवळपास चार कोटी लोकांनी पाहिला होता, २०२१चा ९० लाखांहूनही कमी.

चॅपमन गायली त्याच दिवशी, दुपारी, शेजारच्या पीकॉक थिएटरमध्ये ‘शक्ती’ या बँडच्या ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळाला. ४६ वर्षांनी आलेला या मंडळींचा स्टुडिओ अल्बम. माहीमच्या झाकिर हुसेन यांनी त्या दुपारी एकूण तीन ग्रॅमी घेतले. चेंबूरचे शंकर महादेवन, बासरीवादक राकेश चौरसिया यांचीही नावं पुकारली गेली. इथल्या वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी कौतुकाने फोटो छापले. पण त्या वर्षीच्या ९४ विभागांपैकी बहुतेक पुरस्कार या दुपारच्या कार्यक्रमातच वाटले गेले. तो इंटरनेटवर दिसतो, रात्रीच्या मुख्य प्रक्षेपणात नसतो. ज्यांना त्या तीन मिनिटांचा सर्वाधिक उपयोग झाला असता, त्यांनाच ती मिळत नाहीत. झाकिरभाईंचा तबला त्या रात्री मुख्य रंगमंचावर वाजला असता, तर तो किती नव्या घरांत पोचला असता! त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले, त्यामुळे ही हुकलेली संधी जास्तच सलते.

विक्रीच्या आकड्यांत न दिसणारा एक परिणामही आहे. जाकोमो नेग्रो, बालाझ कोवाच आणि ग्लेन कॅरल या अभ्यासकांनी ग्रॅमीनंतरचं संगीत तपासलं. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, जिंकलेल्यांचे पुढचे अल्बम इतरांहून वेगळे होत जातात आणि नामांकन मिळूनही हरलेल्यांचे अल्बम इतरांसारखे. नोरा जोन्सचंच बघा. तिचा दुसरा अल्बम २००४मध्ये पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत दहा लाखांवर खपला. कोणतीही कंपनी तसाच तिसरा मागेल. तिने मात्र न्यूयॉर्कच्या मित्रांसोबत चालवलेल्या ‘द लिटल विलीज’ या कंट्री संगीताच्या बँडचा अल्बम २००६मध्ये आणला. त्यात बहुतेक जुनी, दुसऱ्यांची गाणी होती आणि मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हे, बँडचं नाव होतं.